तिसऱ्या कडव्यातली शिटी

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक बैठकीची खोली मनात उभी करा. भिंतीलगत खुर्च्या, मध्ये सतरंजी, खिडक्या घट्ट लावलेल्या. उकाड्याने जीव हैराण झालाय, तरी पंखा बंद, कारण पंखा घरघरतो. चार-पाच मोठी माणसं घामाने निथळत बसली आहेत आणि कोणी हूं की चूं करत नाही. समोरच्या टेबलावर एक जुना टेपरेकॉर्डर, आणि त्यात एक कॅसेट.

कॅसेट तुमच्यापैकी काहींनी पाहिलीही नसेल. तळहाताएवढी चपटी डबी असते. आत दोन चकत्या, आणि त्या चकत्यांवर गुंडाळलेली तपकिरी, रिबिनीसारखी बारीक फीत. गाणं असतं ते त्या फितीवर. फीत तुटली की गाणं गेलं.

दिसली खोली? आता डोळे उघडा. ही खोली भिंगरीच्या आजोबांची. आणि घामाने निथळणारी ती माणसं म्हणजे ‘मखमल मंडळ’.

मखमल हा फार जुन्या काळचा गायक. खरं नाव वेगळं होतं, पण ते घेण्याची कोणाला गरज वाटत नसे. हा माणूस मोठ्याने कधी गायलाच नाही. माइकच्या इतक्या जवळ तोंड नेऊन गायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा आपल्याच खांद्यावर हनुवटी टेकून गातोय. त्याची दुर्मीळ गाणी आजोबांनी जन्मभर गोळा केली होती. दर रविवारी मंडळ जमायचं आणि ती ऐकायचं. नियम कडक होते. शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकायचं. खोकला झालेल्याने तो रविवार घरीच काढायचा.

साऱ्या संग्रहाचा राजा होतं खिडकीतल्या दिव्याचं गाणं. बाजारातल्या तबकडीवर त्याची दोनच कडवी होती. पण मखमलने एकदा, फक्त एकदाच, रेडिओवर तिसरं कडवं गायलं होतं, आणि त्या दिवशी तरुणपणचे आजोबा रेडिओसमोर टेपरेकॉर्डर धरून बसले होते.

अडचण एवढीच, की तेव्हा रेडिओ स्वयंपाकघरातल्या फळीवर होता.

त्यामुळे तिसऱ्या कडव्याच्या पहिल्या ओळीला एक ताटली पडते. ठण्ण! मग ती जमिनीवर गोल गोल फिरत बसते. दुसऱ्या ओळीला पाळण्यातलं बाळ भोकाड पसरतं. ते बाळ म्हणजे भिंगरीचे बाबा. तिसऱ्या ओळीला कुकरची शिटी होते. आणि शेवटच्या ओळीत मखमल अगदी कुजबुजत, मी इथेच तुझी वाट बघत थांबलोय, अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो, तेव्हा तरुणपणच्या आजीचा खणखणीत आवाज येतो : “अहो, दूध उतू गेलं! आणि तुम्ही बसलाय गाणी ऐकत!”

दुसऱ्या कोणी ती फीत फेकून दिली असती. मंडळाने ती डोक्यावर घेतली.

“ताटली थांबते ना, ती बरोबर समेवर थांबते,” शिंपीकाका मान डोलवून म्हणायचे. “हल्लीच्या ताटल्यांना हे जमायचं नाही.”

“आणि बाळाचा स्वर ऐका. किती गोल!” दातांचे डॉक्टर म्हणायचे. “दात नसले की रडण्याला अशी गोलाई येते.”

“मला तर शिटी आवडते बाई,” पोस्टमास्तरीणबाई डोळे टिपायच्या. “शिटी झाली की मखमल क्षणभर थांबतो. तिला वाट देतो हो तो!”

रेडिओ केंद्रात बसलेल्या मखमलला या घरातली शिटी कशी ऐकू आली असेल, हे कोणीच विचारत नसे. मध्यंतरी एका स्नेह्याने आजोबांना त्याच कार्यक्रमाची स्वच्छ प्रत आणून दिली होती. ताटली नाही, बाळ नाही, खरखर नाही. मंडळाने ती एकदा ऐकली. सगळ्यांची तोंडं आंबट झाली. “यात जीवच नाही,” असा निकाल लागला आणि ती कॅसेट कपाटात मागे जाऊन पडली.

तर त्या रविवारी घरात मोठी गडबड होती. मखमलच्या चाहत्यांचा एक महासंघ होता. तो दर वर्षी एका संग्राहकाची निवड करायचा. ज्याची निवड होईल त्याने मोठ्या सभागृहात, खचाखच भरलेल्या गर्दीसमोर, आपल्या संग्रहातलं सर्वांत दुर्मीळ गाणं स्वतःच्या हाताने लावायचं. आजोबा कित्येक वर्षं या मानाची वाट बघत होते. दर वर्षी दुसऱ्याच कोणाचं तरी नाव यायचं. आणि आज महासंघाचे परीक्षक गाणं ऐकायला स्वतः घरी येणार होते! हा माणूस कधी हसत नाही, अशी त्याची ख्याती होती. एका घरातून तर तो अर्ध्या गाण्यावरच टोपी घालून उठून गेला होता.

आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून त्यांना आणायला स्टेशनवर गेले. जाताना भिंगरीला म्हणाले, “टेपरेकॉर्डर पुसून ठेव हं नीट. आज घराण्याची लाज त्याच्या हातात आहे.”

भिंगरीने टेपरेकॉर्डर पुसला. मग तिला वाटलं, चालतोय ना, ते बघावं. आता, बघायचं तर कॅसेट हवी, आणि समोर तर तिसऱ्या कडव्याची ती एकच होती. टेपरेकॉर्डरला हात लावायची तिला परवानगी होती. कॅसेटला नव्हती. पण तिने स्वतःची समजूत काढली, की कॅसेटला हात लावायचा नाही, नुसती बोटं लावायची.

तिला ऐकायची होती ती आजी. मखमलचं तिला फारसं कौतुक नव्हतं. पण ती कोण कुठली तरुण, ठसक्यातली बाई आजोबांवर खेकसते, आणि ती आपली आजी, याची तिला भारी गंमत वाटायची. “अहो, दूध उतू गेलं!” भिंगरीने फीत मागे नेली. “अहो, दूध उतू गेलं!” पुन्हा मागे. “अहो, दूध...” पुन्हा मागे. “अहो, दू...” पुन्हा.

“अहो...” खर्रर्र. फट्.

भिंगरीने घाईघाईने बटण बंद केलं. तिने झाकण उघडलं. फितीचा भलामोठा गुंता यंत्राच्या दातांत अडकला होता. ओढून काढला तर फितीला चुण्याच चुण्या पडलेल्या, आणि शेवटी दोन टोकं वेगवेगळी हातात आली.

ती स्वयंपाकघरात गेली. आजी ओटा पुसत होती.

“आजी, तुटली.”

“कुठे?”

“तुझ्यावरच.”

आजीने फडकं खाली ठेवलं. फीत उजेडात धरून पाहिली. रागावली नाही. फक्त पदराने कपाळ पुसून म्हणाली, “आज हे मोडून पडतील गं. इतकी वर्षं वाट बघितली माणसाने.” हे ऐकल्यावर मात्र भिंगरीला रडू कोसळलं. रागावली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

रडण्याचा आवाज ऐकून बाबा आले. बाबा विमा कंपनीत अधिकारी होते आणि कोणतंही नुकसान पाहिलं की त्यांचा चेहरा कामाला लागायचा. त्यांनी फीत उलटसुलट केली. “चिकटपट्टीने जोडता येईल, पण तिसऱ्या कडव्याचा पार चुरगळा झालाय. काही वाजणार नाही.”

“आणि ती स्वच्छ प्रत?” आजीने विचारलं.

“ती आहे कपाटात. पण आई, ती सुरू झाली की पहिल्या मिनिटात सगळे ओळखतील. ताटली कुठाय, शिटी कुठाय...”

“शिटी इथे आहे,” आजी म्हणाली आणि तिने फळीवरून कुकर काढला. “ताटली पण इथेच आहे. आणि बाळ...” तिने बाबांकडे पाहिलं.

बाबा दोन पावलं मागे सरले. “आई, मी अधिकारी आहे. माझ्या हाताखाली माणसं आहेत.”

“लहानपणी कोणी न सांगता रडायचास. आज आईने सांगितलं तर जमत नाही?”

पुढचं सगळं भराभर झालं. चष्म्याचे स्क्रू पिळायच्या चिमुकल्या पेचकसाने बाबांनी दोन्ही कॅसेटी उघडल्या आणि स्वच्छ फीत जुन्या डबीत बसवली. बाहेरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. टेपरेकॉर्डर त्यांनी सरकवून स्वयंपाकघराच्या पडद्याला अगदी खेटून ठेवला. भिंगरी म्हणाली, “आणि खरखर? नव्या फितीला खरखर नाहीये.” ही मोठीच अडचण होती. शेवटी आजीने चाळणीत साखर ओतली आणि बाबांच्या हातात दिली. “हलवत राहा. हळू. अशी. दुसऱ्या हातात ताटली धर.”

राहिली आजीची ओळ. आजीने घसा साफ केला. “अहो, दूध...” आवाज फाटला. पुन्हा केला, पुन्हा फाटला. “नाही गं,” आजी म्हणाली. “ही बाई आता माझ्यात राहिली नाही.”

भिंगरीने डोळे पुसले, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, “अहो, दूध उतू गेलं! आणि तुम्ही बसलाय गाणी ऐकत!”

बाबांच्या हातातली चाळणी थांबली. “आई, ही तर तूच!”

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. आजीने घाईघाईने कुकर पेटवला.

बैठकीच्या खोलीत परीक्षक मधल्या खुर्चीवर बसले. उंच, वाळकुडे, ओठ शिवल्यासारखे. मंडळ त्यांच्याकडे चोरून बघत होतं. आजोबांनी कॅसेट हातात घेतली, तिच्यावर हलकेच फुंकर मारली, आत घातली आणि पंखा बंद केला. “आपण डोळे मिटलेत तर बरं,” ते नम्रपणे म्हणाले. परीक्षकांनी डोळे मिटले. सगळ्यांनी मिटले.

मखमल गाऊ लागला. पडद्यामागे साखर खरखरू लागली. पहिलं कडवं झकास गेलं. शिंपीकाकांनी समाधानाने सुस्कारा सोडला.

दुसऱ्या कडव्यात बाबांच्या हाताला रग लागली. चाळणी कलली, साखर सांडणार म्हणून ते सावरायला गेले, आणि दुसऱ्या हातातली ताटली सुटली. ठण्ण!

पूर्ण एक कडवं आधी!

भिंगरीने जीभ चावली. आजीने कपाळावर हात मारला. बाहेर आजोबांनी खाडकन डोळे उघडले. दातांच्या डॉक्टरांनी शिंपीकाकांच्या कानाला तोंड लावलं. “ही ताटली इथे कशी?”

“होतीच की,” शिंपीकाका डोळे न उघडता पुटपुटले. “कान तयार झाला की ऐकू येते.”

डॉक्टरांनी लगेच मान डोलवली. पोस्टमास्तरीणबाईंनीही डोलवली. आपला कान कच्चा आहे, हे कबूल कोण करणार?

तिसरं कडवं आलं. भिंगरीने ताटली उचलून पुन्हा टाकली. ती सुरेख फिरली. मग तिने बाबांना कोपराने ढोसलं. बाबांनी डोळे गच्च मिटले, तोंड उघडलं आणि रडले. पहिला आवाज बोकडासारखा निघाला. दुसरा त्याहून जाड. पण तिसऱ्याला काय झालं कोण जाणे, कचेरीतल्या सगळ्या फायली, सगळे साहेब त्यांना एकदम आठवले असावेत. बाबा मनापासून रडू लागले. गालांवरून पाणी वाहू लागलं. ओळ संपली तरी थांबेनात. शेवटी आजीने चमच्याने त्यांच्या पाठीत एक दिली.

“बाळ आज भारदस्त वाटतं,” डॉक्टर कुजबुजले.

“मखमलच्या सहवासात मोठं होतंय,” शिंपीकाका म्हणाले.

आता शिटी. आजीने कुकरवरची शिटी चमच्याने उचलली. नुसतं फुस्स! कुकर उशिरा चढवला होता, अजून पुरता तापलाच नव्हता. आजीने ज्योत मोठी केली. मखमल क्षणभर थांबला, कोणालाच वाट न देता पुढे निघाला. पोस्टमास्तरीणबाईंची भुवई वर गेली. आता गप्प बसून चालणार नव्हतं. भिंगरीने ओठांचा चंबू केला आणि तोंडानेच शिटी मारली, लांबलचक, शेवटी जरा थरथरती. बाईंची भुवई जागेवर आली.

आणि मग शेवटची ओळ. मखमलचा आवाज दिव्याच्या वातीसारखा बारीक झाला. भिंगरीने छाती भरून श्वास घेतला.

“अहो, दूध उतू गेलं! आणि तुम्ही बसलाय गाणी ऐकत!”

बाहेर आजोबा अर्धवट उठून पुन्हा बसले. गाणं संपलं. टेपरेकॉर्डर खट् करून थांबला. कोणी हललं नाही. बाई डोळे टिपत होत्या. परीक्षकांचे डोळे अजून मिटलेलेच होते, पण ओठ जरासे सैल झाल्यासारखे वाटत होते.

आणि त्या शांततेत कुकरने कडकडीत शिटी दिली. घर दणाणलं. मग दुसरी दिली.

परीक्षकांनी एक डोळा उघडला. “टेप बंद आहे ना?”

“बंद आहे,” डॉक्टर म्हणाले.

“हा... हा नाद आहे,” शिंपीकाका म्हणाले. “चांगलं गाणं संपल्यावर खोलीत रेंगाळतो.”

परीक्षक उठले, पडद्यापाशी गेले आणि त्यांनी तो एका झटक्यात बाजूला केला.

आत आजी चमचा उगारून उभी. बाबा डोळे लाल, नाक लाल, हातात साखरेची चाळणी. आणि स्टुलावर, कमरेवर हात ठेवून, भिंगरी.

भिंगरी स्टुलावरून उतरली आणि सरळ आजोबांसमोर जाऊन उभी राहिली. “आजोबा, कॅसेट मी तोडली. मला आजी पुन्हा पुन्हा ऐकायची होती. हे दोघं नुसते मदतीला आले.”

आजोबांचा हात खुर्चीच्या पाठीवर गेला. मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, “दूध कोण म्हणालं?”

“मी.”

आजोबांनी आजीकडे पाहिलं, मग पुन्हा भिंगरीकडे. “मी घाबरून उठलो गं. वाटलं, खरंच उतू गेलं. इतकी वर्षं ती ओळ ऐकतोय, पण उठून उभं राहावंसं कधी वाटलं नव्हतं.” आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“मला पहिली ताटली खटकलीच होती,” डॉक्टर म्हणाले.

“मग बोलला का नाहीत?” बाईंनी विचारलं.

“तुम्ही मान डोलवत होतात ना!”

“मी तुमच्याकडे बघून डोलवली!”

“शांत!” परीक्षक म्हणाले आणि मंडळ चिडीचूप झालं. “महासंघाचा नियम साधा आहे. गाणं दुर्मीळ हवं. मी घरोघरी फिरतो. जो तो सांगतो, जगात ही एकच प्रत आहे. पुढच्या घरी जातो, तर तीच प्रत तिथेही वाजते! कान विटले माझे.” ते आजोबांकडे वळले. “आज तुम्ही जे ऐकवलंत, त्याची दुसरी प्रत कोणाकडे आहे?”

उत्तर भिंगरीने दिलं. “दुसरी कुठली? पहिलीसुद्धा नाहीये.”

परीक्षकांच्या घशातून एक विचित्र आवाज आला. सगळे दचकले. आजी पाणी आणायला धावली. मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं, की हा माणूस हसतोय. सवय नसल्यामुळे नीट येत नव्हतं एवढंच.

“पहिलीसुद्धा नाही!” त्यांनी डोळे पुसले. “याहून दुर्मीळ गाणं मी जन्मात ऐकलं नाही. निवड झाली. सभागृहात या वर्षी तुमचं गाणं. पण तिथे लावायला प्रत तर हवी. बसा सगळे, आत्ताच्या आत्ता ती करून टाकू.”

मग काय विचारता! आजोबांनी कपाटातून दुसरा, छोटा टेपरेकॉर्डर काढला. सगळं मंडळ स्वयंपाकघरात घुसलं. शिंपीकाकांनी साखरेची चाळणी मागून घेतली. शिटी आपलीच, असं बाई म्हणाल्या आणि कुकरपाशी जाऊन उभ्या राहिल्या. बाळाचं काम डॉक्टरांनी मागितलं, तर बाबा खवळले. “रडणं माझं आहे. ते मी कोणाला देणार नाही.” आणि परीक्षकांनी कोट काढून ठेवला, बाह्या सरसावल्या आणि अगदी लाजत विचारलं, “ताटली... मी टाकली तर चालेल?”

“चालेल,” भिंगरी म्हणाली. “पण तिसऱ्या कडव्यात. आधी नाही.”

सगळ्यांना काम मिळालं. आजोबा तेवढे मधोमध रिकाम्या हातांनी उभे होते. “आणि मी गं? मी काय करू?”

भिंगरीने जरा विचार केला. “गाणं पहिल्यांदा टेप केलंत, तेव्हा तुम्ही काय करत होतात?”

“मी? काही नाही. रेडिओसमोर श्वास रोखून बसलो होतो.”

“मग तेच करा.”

भिंगरीने स्टूल ओढून आजोबांना त्यावर बसवलं. स्वतः शेजारी उभी राहिली. ताटली हातात घेतलेल्या परीक्षकांकडे तिने एकदा दरडावून पाहिलं, कमरेवर एक हात ठेवला, आणि दुसऱ्या हाताने लाल बटण दाबलं.